यादीतून कमी केलेलं नाव

आमली, सिल्वासा
४ मे १९९३

श्रीमती सरिताबाई यांस,
सलाम.

आपले २६ एप्रिलचे पत्र येथील ख्रिस्ती मंडळीच्या पत्त्यावर आले. मंडळीची सचिव या नात्याने उत्तर देत आहे.

चि. शीतल हिला मिशन दवाखान्याच्या नर्सिंग शाळेत अर्ज करायचा आहे. नवापूरच्या पाळकांनी त्यांचा दाखला दिला आहे, परंतु आधीच्या मंडळीचाही दाखला लागतो आणि तो पंधरा जूनच्या आत पोचला पाहिजे. हे सर्व समजले.

अडचण अशी की मंडळीच्या रजिस्टरात आपल्या नावापुढे १९८६ सालचा एक शेरा आहे: "विश्वासात मागे हटली. वर्तन संशयास्पद." असा शेरा असताना कुटुंबाच्या चालचलणुकीचा दाखला कसा द्यायचा, असे कमिटीचे अध्यक्ष अनंतराव विचारतात. त्यांचे म्हणणे नियमाला धरून आहे.

यातून मार्ग निघू शकतो. झाल्या गोष्टीबद्दल खेद वाटतो, अशा दोन ओळी आपण लिहून पाठवाव्यात. त्या मी कमिटीपुढे ठेवीन. त्या वेळीच आपण काही खुलासा केला असता तर गोष्ट या थराला गेली नसती. आपण काही न सांगता निघून गेलात.

मी तीन वर्षांपूर्वी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. शीतल रविवारच्या शाळेत पहिल्या ओळीत बसत असे आणि प्रश्न पुरा होण्याआधी हात वर करत असे, हे आठवते. तिला आशीर्वाद.

आपली,
शोभा हिवाळे

सिल्वासा
१७ मे १९९३

सरिताबाई,
सलाम.

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. तीन ओळी. "खेद कशाचा ते कळवा. शेरा कोणाच्या अक्षरात आहे ते बघा. नाही समजलं तर नरोलीला कमळाबाईला विचारा."

अक्षर बघायला रजिस्टर उघडावं लागलं नाही. ते माझं आहे. मागच्या पत्रात मी "शेरा आहे" असं लिहिलं, जसा काही तो कागदावर आपोआप उमटला होता. शाळेत एखाद्या मुलीने "काच फुटली" असं सांगितलं की मी तिला उभी करून विचारायचे, कोणी फोडली ते सांग.

शनिवारी रिक्षाने नरोलीला गेले. तुमच्या खोल्यांची रांग अजून आहे. समोर शेत होतं तिथे आता यार्न कंपनीचं गोडाऊन आहे. कमळाबाई नळावर भांडी घासत होत्या. मी नाव सांगितलं, त्यांना ओळख पटेना. शाळेचं सांगितलं, रविवारच्या प्रार्थनेचं सांगितलं. मग त्यांनी कढई खाली ठेवली.

"म्हणजे ती कुंकू पुसणारी बाई का तुम्ही?"

नळावरची दुसरी बाई वळली. "हीच का वं ती?"

सात वर्षं त्या रांगेत माझं हे नाव आहे. सिल्वाशात मला सगळे हिवाळेबाई म्हणून ओळखतात, अशी माझी समजूत होती.

मी म्हटलं, सरिताबाई इथून का गेल्या ते विचारायला आले आहे. कमळाबाई म्हणाल्या, "सात वर्सांनी? बरं झालं, घाई नाही केली तुम्ही."

तरी त्यांनी मला आत बसवलं आणि चहा टाकला. पुढचं सगळं त्यांनी स्टोव्हकडे तोंड करून सांगितलं. "आम्हाला सांगायची, मालक सौदीले गेलाय. कपाळाले कुंकू, गळ्यात पोत, हातभर बांगड्या. कोणी काही इचारत नव्हतं. तुम्ही ते उतरवलं अन् दुसऱ्याच दिशी सगळ्या कंपनीले कळलं का हिचा मालक कवाचाच मेलाय. मंग तो मुकादम यायला लागला. संध्याकाळची पाळी सुटली का हिच्या मागं. दारात उभा ऱ्हायचा. म्हणे, एकटी ऱ्हातेस, काही लागलं सवरलं तर सांग. वरून हसायचा. एक डाव म्या त्याच्या पायावर गरम पाणी सांडलं, चुकून."

"चुकून?" मी विचारलं.

"नाही."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तवा मीच तिले बसवलं अन् कुंकू लावलं. ती नको म्हणे, बाईंले शब्द दिलाय. म्या म्हटलं, तुझ्या बाईंच्या दारात मुकादम उभा ऱ्हात नाही. तुमच्या देवाले राग आला असंल तर माझ्यावर काढू द्या त्याले, तिच्यावर नको."

चहा मी प्यायले. तो ठेवून उठण्याचं धैर्य झालं नाही.

त्या वर्षीचा पुनरुत्थानाचा रविवार मला नीट आठवतो. वापीहून पाळकसाहेब आले होते. आपण सगळे सकाळीच दमणगंगेवर गेलो. बाप्तिस्म्याचे सात उमेदवार आणि यादी माझ्या हातात. तुम्ही सर्वांत शेवटी आलात. अंगावर नवी पांढरी साडी, बाजूला टॉवेल घेतलेली शीतल, आणि कपाळावर कुंकू, गळ्यात पोत. आठच दिवसांपूर्वी तुम्ही सगळ्यांसमोर ते काढलं होतं.

मी म्हटलं, "हे काय?"

तुम्ही म्हणालात, "बाई, नंतर सांगते. आज पाण्यात उतरू द्या."

मी म्हटलं, "पाण्याने हे धुऊन निघतं, मन निघत नाही." मागे कोणीतरी हसलं. मला बरं वाटलं, हे तुम्हाला सांगायलाच हवं. माझं बोलणं लोकांना पटलं म्हणून बरं वाटलं. यादीत तुमच्या नावावर मी रेघ मारली आणि पाळकसाहेबांना "सहाच आहेत" असं सांगितलं. शीतलने टॉवेलची घडी मोडलीच नव्हती. तो तिने तसाच पिशवीत ठेवला.

दोन ओळींचा खेद मी मागितला होता. तो मागे घेते.

शोभा हिवाळे

सिल्वासा
२८ मे १९९३

सरिताबाई,

मागच्या पत्राला तुमचं उत्तर आलं नाही. मी त्याची वाट पाहिली, हा माझा भाबडेपणा. त्या पत्रात मी जे कमळाबाईंच्या तोंडून सांगितलं ते जणू मला शनिवारीच कळलं, असं तुम्हाला वाचताना वाटलं असेल. आणि तुम्ही मनात म्हणाला असाल, बाई अजूनही खरं बोलत नाहीत.

मुकादमाचं मला माहीत नव्हतं. बाकीचं होतं.

"त्या वेळी खुलासा केला असता तर" असं मी पहिल्या पत्रात लिहिलं. तुम्ही खुलासा केला होता. फेब्रुवारी महिना, बाप्तिस्म्याचा वर्ग सुटला होता, शाळेच्या पायरीवर मी फाटकाची किल्ली शोधत होते. तुम्ही थांबून म्हणालात, "बाई, माझा मालक वारलाय. चार वर्षं झाली. नरोलीला कोणाला ठाऊक नाही. हे असू द्या ना अंगावर. हे देवासाठी नाही, माणसांसाठी आहे."

मी काय म्हटलं? "मग हे जास्तच वाईट झालं. जुन्या देवासाठी घातलं असतंस तर अडाणीपणा म्हटला असता. हे तर सरळ खोटं आहे. कपाळावर खोटं घेऊन तू पाण्यात उतरणार?"

तुम्ही म्हणालात, "तुम्ही सांगता तर काढते."

वर्गातल्या सातांत तुमची उत्तरं सर्वांत चोख होती. वाचता जेमतेम येत होतं, तरी सगळं पाठ. ते मी कधी बोलून दाखवलं नाही. मला वाटायचं, कौतुकाने माणसं बिघडतात.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे नदीवर जायच्या आठ दिवस आधी, मी तुम्हाला उपासनेत पुढे बोलावलं. तुम्ही पोत काढलीत, बांगड्या काढल्यात, पदराने कपाळ पुसलंत. तेवढंही मला पुरलं नाही. मंडळीकडे वळून मी म्हटलं, आपली ही बहीण विधवा असून जगाला फसवण्यासाठी सौभाग्याच्या खुणा मिरवत होती, आज ती सत्यात आली आहे. दुसऱ्या ओळीत भिका बसला होता. तो तुमच्याच कंपनीत होता. त्याने कंपनीत सांगितलं ते कौतुकानेच सांगितलं असेल. त्याला दोष देत नाही. सांगायला मी दिलं.

मीही एकटीच होते की. चौपन्न वर्षांची, लग्न न केलेली. पण माझ्या दारावर "मुख्याध्यापिका" अशी पाटी होती, फाटकाशी चौकीदार होता आणि गावातला प्रत्येक बाप मला ओळखत होता, कारण त्याची पोरं माझ्या हाताखालून गेली होती. बाईमाणसाने एकटं राहायचं तर काहीतरी आडोसा लागतो, हे मला कळायला हरकत नव्हती. माझा आडोसा सरकारने दिला होता, तुमचा तुम्ही बाजारातून दोन रुपयांना आणला होता.

आणखी एक. मामलेदार कचेरीतल्या साहेबांची बायको, अलका, आठवते? पुढच्या बाकावर बसायची. तिच्या गळ्यात दोन पदरी सोन्याचं मंगळसूत्र होतं, त्यात एक बारीक क्रूस ओवलेला. ते मी हातात घेऊन बघितलं होतं आणि घडणावळ किती सुबक आहे म्हणून वाखाणलं होतं. अलका तुमच्याहून लहान, तरी तिला मी "तुम्ही" म्हणायचे आणि तुम्हाला "तू". आज पत्रात "तुम्ही" लिहिते आहे, त्याने काही भरून येत नाही.

"वर्तन संशयास्पद" कुठून आलं तेही लिहिते. नदीवरच्या त्या रविवारनंतर दोन आठवड्यांनी भिकाच्या बायकोने मला सांगितलं की सरिताच्या दारात एक पुरुष उभा असतो. तो कोण, मी विचारलं नाही. तो दाराबाहेर असतो की आत, एवढंही विचारलं नाही. घरी गेले आणि रजिस्टर काढलं.

मंगळवारी कमिटीची बैठक झाली. हे सगळं इतक्या उघडपणे मी तिथे बोलले नाही, पण शेरा चुकीचा होता, तो मी लिहिला आणि येत्या रविवारी उपासनेत तसं सांगणार आहे, एवढं बोलले. अनंतराव म्हणाले, "बाई, जुनं कशाला उकरता? त्यावर कागदाची पट्टी चिकटवू. 'नजरचुकीने' असं लिहू. दाखला देऊन टाकू. पोरीचं काम झाल्याशी मतलब."

मी लगेच नाही म्हटलं नाही. "बघू," म्हटलं. पट्टीचा विचार मला आवडला होता. मग तेच पुढे म्हणाले, "आणि तुम्ही असं उभं राहून सांगितलंत तर उद्या लोक म्हणतील, बाकीचे शेरेही वाचून दाखवा."

बाकीचे. घरी येऊन मोजले. माझ्या अक्षरात अजून अकरा आहेत.

सांगायचं ठरवलं आहे. मात्र एक गोष्ट मागच्या वेळी मी केली नाही, ती आता करते. मंडळीपुढे काय सांगायचं ते तुम्हाला विचारते. तुमची सगळी हकीगत सांगितली तर लोकांना माझी चूक नीट समजेल, पण तुमचं घर पुन्हा एकदा सगळ्यांसमोर उघडं पडेल. सोबत जवाबी कार्ड आहे, पत्ता घातला आहे. हा रविवार मी थांबते, पुढच्या रविवारी बोलेन. तुमचं कार्ड आलं नाही, तरी दाखला वेळेवर निघेल. शीतलचा अर्ज माझ्या माफीसाठी अडणार नाही.

शोभा

सिल्वासा
७ जून १९९३

सरिताबाई,
सलाम.

कार्ड शनिवारी मिळालं. "माझं काही सांगू नका. तुमचं सांगा." तसंच केलं.

काल उपासनेत जाहिराती वाचून झाल्यावर मी उभी राहिले. बसून घ्या, असं अनंतरावांनी डोळ्यांनी खुणावलं. रजिस्टर सोबत नेलं होतं. शेरा मोठ्याने वाचला. तुमचं नाव घ्यावं लागलं, कारण शेरा नावावर होता. नरोली, कंपनी, मालक, यातलं काही काढलं नाही. म्हटलं, हे मी लिहिलं. या बाईंच्या कपाळावर आणि गळ्यात मला जे दिसलं तेवढ्यावरून लिहिलं. त्यांनी मला कारण सांगितलं होतं, ते मी ऐकून घेतलं नाही. पुढचं ऐकीव होतं, त्याचीही चौकशी केली नाही. या दोन्ही ओळी खोट्या आहेत आणि त्यांपायी या बाईंना आपलं घर आणि ही मंडळी सोडावी लागली.

माझा आवाज कापेल असं वाटलं होतं. कापला नाही. तीस वर्षं वर्गात बोलायची सवय, ती अशा वेळीही सुटत नाही, याचीच मला लाज वाटली.

मी खाली बसणार एवढ्यात मागून चिंधा उभा राहिला. तुम्ही असताना तो नव्हता, नंतर आला. गोडाऊनवर वॉचमन आहे. म्हणाला, "बाई, माझ्या नावापुढं काय लिवलंय?"

अनंतराव म्हणाले, "चिंधा, ही वेळ नव्हे."

"बाई वाचतायत तर वाचू द्या ना साहेब."

मी पान काढलं. वाचलं: "गळ्यात काळा दोरा. ताईत असावा. प्रभुभोजनास घेऊ नये."

चिंधाने सदऱ्याच्या आत हात घातला आणि दोरा ओढून बाहेर काढला. टोकाला पितळी किल्ली होती. "खोलीची हाये. खिशात ठेवली का पडते. तरीच म्हटलं, पाळकसाहेब ताट घेऊन माझ्यापुढून का सरकतात." सगळे हसले. मीही हसले, आणि हसत असताना लक्षात आलं की तीन वर्षं हा माणूस मागच्या भिंतीला टेकून बसायचा आणि भाकर-प्याला त्याच्यापुढून निघून जायचा, आणि त्याने एकदाही विचारलं नाही. त्याला वाटत असेल की मोठ्या लोकांना काहीतरी माहीत असणार.

"आता तरी खोडा," तो म्हणाला. मी तिथेच खोडलं. आणखी चौघांनी विचारलं. एकीचं वाचताना मला पुढचा शब्द उच्चारवेना, तो तिने येऊन स्वतः वाचला. मग ती जागेवर गेली. तिच्याकडे मला या आठवड्यात जायचं आहे.

उपासना सुटल्यावर काय झालं ते तुम्हाला आवडणार नाही. लोक माझ्याभोवती जमले. हात हातात घेऊ लागले. "बाई, केवढं मोठं मन!" "बाई, ही खरी नम्रता." भिकाच्या बायकोने डोळ्यांना पदर लावला. तुम्ही कुठे असता, कशा आहात, मुलगी केवढी झाली, हे एकानेही विचारलं नाही. दहा मिनिटांत मी पुन्हा तिथली सर्वांत भली बाई झाले होते. पांढरी साडी, चष्मा, हातात शास्त्र, आणि वर आता नम्रताही. मी ओरडले. "माझं कौतुक कसलं करता?" म्हटलं. तर एक जण दुसऱ्याला म्हणाला, "बघा, कौतुकही नको आहे त्यांना."

पाळकसाहेबांनी एक सूचना केली. तुम्हाला आणि शीतलला इथे बोलवावं, पुढे बसवावं, सर्वांनी उभं राहून स्वागत करावं. त्यांचा हेतू चांगला होता. मी नको म्हटलं. या मंडळीने तुम्हाला दोनदा सगळ्यांपुढे उभं केलं आहे, एकदा उपासनेत आणि एकदा नदीवर. तिसऱ्यांदा नको. तुम्हाला यावंसं वाटलं तर तुम्ही याल आणि हवं तिथे बसाल. सचिवपद मी सोडलं. रजिस्टर अनंतरावांच्या ताब्यात दिलं आहे, पण उरलेल्या सगळ्यांना मी स्वतः भेटून मग त्यांच्यादेखत खोडायचं, असं कमिटीकडून लिहून घेतलं आहे.

दाखला तयार आहे. पाळकसाहेबांची सही आणि मंडळीचा शिक्का आहे. मूळ प्रत आज सकाळी रजिस्टर पोस्टाने नर्सिंग शाळेला गेली, पावती या पाकिटात आहे. दुसरी प्रत तुमच्यासाठी. शीतलचं नाव शाळेच्या दाखल्यात आहे तसंच लिहिलं आहे ना, ते तपासा. चूक असली तर तार करा, वेळ आहे. ही पत्रं तिला दाखवायची की नाही ते तुम्ही ठरवा. ती त्या दिवशी काठावर होती, तिला सगळं आठवत असणार.

दाखल्याचा छापील नमुना त्या शाळेनेच पाठवला होता. त्यात एक रकाना आहे: "या कुटुंबाशी आपला परिचय किती वर्षांचा?" तिथे मी बराच वेळ थांबले. परिचय झालाच नाही, हे मनात आलं ते लिहिलं असतं तर शीतलचा कागद अडला असता, आणि मुलीच्या अर्जावर माझी कबुली कशाला? म्हणून तुम्ही इथे येत होतात तेवढी, "तीन वर्षे", असं लिहून पुढे गेले.

तुम्हाला मात्र सांगते, त्या कागदावर तेवढंच एक खोटं आहे.

शोभा हिवाळे